कोल्हापुरात मिळकतीच्या कामासाठी वकील नेमणे: पहिल्या भेटीची तयारी कशी करावी

कोल्हापुरात प्लॉट, फ्लॅट किंवा शेतजमीन घेणारी अनेक माणसे वकिलाकडे पहिल्यांदा जातात ती संचकारपत्र (खरेदीपूर्वीचा, विसार देऊन केलेला करार) करून, ठरलेल्या किमतीचा मोठा भाग देऊन झाल्यावर. त्या वेळी खरेदीखताचा मसुदा वाचण्याखेरीज वकिलाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. कागदांत दोष सापडला तरी दिलेली रक्कम परत मिळवणे हाच एक स्वतंत्र वाद होऊन बसतो. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: व्यवहार तोंडी ठरल्यानंतर आणि पहिला रुपया देण्यापूर्वी वकिलाची पहिली भेट झाली पाहिजे, आणि त्या भेटीला जाताना मिळकतीचे कागद आपल्या हातात असले पाहिजेत. विक्रेता किंवा एजंट घाई करीत असेल, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे असे सांगत असेल, तरीही कागदांच्या झेरॉक्स प्रती मागून घेऊन आठ-दहा दिवसांची सवड मागावी. कागद दाखवायलाच जो तयार नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कामाचा प्रकार ओळखा

मिळकतीच्या वकिलीचे तीन-चार वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येक वकील ते सर्व नियमितपणे करतो असे नाही. पहिला प्रकार दस्तांचा: मालकीहक्काचा शोध घेणे, शोध अहवाल देणे, संचकारपत्र, खरेदीखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र यांचे मसुदे करणे आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीच्या वेळी हजर राहणे. दुसरा महसुली कामांचा: फेरफाराला (महसुली दप्तरातील नावबदलाच्या नोंदीला) हरकत, वारसनोंदीचा वाद, कूळकायद्याची प्रकरणे, रस्त्याचा वाद. ही कामे मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि जिल्हाधिकारी यांच्यासमोर चालतात. तिसरा दिवाणी दाव्यांचा: वाटपाचा दावा, मनाई हुकूम, करारपूर्तीचा दावा. हे दावे शहरापुरते बोलायचे तर कसबा बावडा येथील न्यायसंकुलात चालतात. बिल्डरने ताबा वेळेवर दिला नाही अशा स्वरूपाची तक्रार असेल तर महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) जाण्याचा आणखी एक मार्ग आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. पूर्वी अपिलासाठी मुंबई गाठावी लागे आणि तिकडचा वकील शोधावा लागे. आता ती अडचण राहिलेली नाही. तरीही मूळ दावा चालवणारा वकील उच्च न्यायालयातील काम स्वतः करतो की दुसऱ्या वकिलाकडे सोपवतो, हे दाव्याच्या कामासाठी जाणाऱ्याने पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

नुसती खरेदी करायची असेल तर दस्तांचे आणि शोधाचे काम सातत्याने करणारा वकील हवा. भावकीत वाद पेटलेला असेल तर दिवाणी बाजू सांभाळणारा हवा. मात्र शेतजमिनीच्या कामात महसुली कायद्याची जाण नसलेला वकील, तो न्यायालयात कितीही नावाजलेला असला तरी, अपुरा पडतो. कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनाम, वतन आणि कुळांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि तेथील खाचाखोचा फेरफारांच्या जुन्या नोंदींत दडलेल्या असतात.

वकील कसा शोधावा

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. त्यामुळे ओळखीतून आणि अनुभवातून नाव मिळवणे हाच मुख्य मार्ग राहतो. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच भागात, त्याच प्रकारची मिळकत घेतली आहे अशा माणसांना विचारावे. राजारामपुरीतील फ्लॅट घेणाऱ्याचा अनुभव पाचगाव किंवा उचगावच्या शेतजमिनीला लागू पडेलच असे नाही. विचारताना "वकील चांगले आहेत का" एवढ्यावर थांबू नये. शोध अहवाल लेखी मिळाला का, त्यात दोष दाखवले होते का, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत त्यांनी लक्ष दिले का, हे तीन प्रश्न विचारावेत. निदान दोन वकिलांची नावे मिळवून दोघांशी फोनवर थोडक्यात बोलावे आणि मग एकाकडे भेट ठरवावी.

वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते आणि वकीलपत्रावर किंवा पत्रशीर्षावर तिचा क्रमांक व वर्ष लिहिलेले असते. तो क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दस्त लिहून देणारे, मुद्रांक विक्रेते, नोंदणी कार्यालयाच्या आवारात फॉर्म भरून देणारे हे आपापल्या कामात कुशल असतात. परंतु मालकीहक्क निर्वेध आहे की नाही याची जबाबदारी त्यांच्यावर नसते, आणि तो सल्ला त्यांच्याकडून घेऊही नये.

यापेक्षा मोठा प्रश्न आहे वकील कोणाचा याचा. बँक गृहकर्ज देताना आपल्या पॅनेलवरील वकिलाकडून शोध अहवाल घेते, त्याची फी बहुधा आपल्याकडूनच वसूल करते, आणि त्यामुळे "बँकेने कागद तपासले आहेत" अशी निश्चिंती येते. तो अहवाल बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेला असतो. पार्किंग कोणाचे, गच्चीवर हक्क कोणाचा, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद आहे का, या गोष्टींशी बँकेला फारसे कर्तव्य नसते, पण त्या घरात राहायचे असते ते आपल्याला. बिल्डरचा वकील बिल्डरची बाजू पाहतो, आणि एजंटने सुचवलेल्या वकिलाला पुढची कामे त्याच एजंटकडून मिळत असतील तर व्यवहार मोडा असे सांगणे त्याला जड जाते. दोन्ही बाजूंनी मिळून एकच वकील नेमण्याची पद्धत आपल्याकडे आहे. खर्च वाचतो हे खरे, पण ज्या दिवशी मतभेद होतो त्या दिवशी तो वकील दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. म्हणून फी थोडी जास्त गेली तरी चालेल, वकील फक्त आपला असावा. पहिल्या फोनवरच विक्रेत्याचे नाव सांगून, त्याचे किंवा त्याच्या कुटुंबाचे काम आपण पूर्वी केले आहे का, असे सरळ विचारावे.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि इतर काही घटकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. माहेरच्या मिळकतीत हिस्सा मागणाऱ्या अनेक स्त्रियांना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

कागद गोळा करणे

पहिल्या भेटीचा उपयोग किती होईल हे कागदांवर ठरते. कागद नसतील तर वकील फक्त सर्वसाधारण कायदा सांगू शकतो, आणि तो ऐकून घरी आल्यावर आपण होतो तेथेच असतो.

शहरातील मिळकत असेल तर प्रथम मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते, नगर भूमापन कार्यालयातून किंवा ऑनलाइन काढावे. कोल्हापूर शहरातील सिटी सर्व्हे नंबर वॉर्डनिहाय आहेत. एकच नंबर ए, बी, सी, डी, ई अशा वेगवेगळ्या वॉर्डांत असू शकतो, म्हणून नंबरासोबत वॉर्ड लिहिलेला असल्याची खात्री करावी. कार्डावर धारकाचे नाव, क्षेत्र, वेळोवेळी झालेल्या नोंदी आणि सत्ताप्रकार, म्हणजे मिळकत कोणत्या हक्काने धारण केली आहे ते, असते. सत्ताप्रकाराचा रकाना सर्वसामान्य माणूस वाचतच नाही. तेथे "ब" असा शेरा असेल तर मिळकतीवर शासनाच्या अटी आहेत का, हस्तांतरणाला परवानगी किंवा नजराणा लागतो का, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. कार्डासोबत महापालिकेच्या घरफाळ्याची अलीकडची पावती, पाणीपट्टी आणि वीजबिल घ्यावे. घरफाळा कोणाच्या नावे येतो यावरून मालकी सिद्ध होत नाही, परंतु कार्डावर एक नाव आणि घरफाळ्याला दुसरे नाव असेल तर मधला एखादा दस्त किंवा वारस राहून गेला आहे, एवढे त्यातून कळते.

गावाकडील किंवा शहरालगतची जमीन असेल तर चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा एकत्र उतारा) आणि सातबाऱ्यावर ज्या ज्या फेरफारांचे क्रमांक दिसतात त्या सर्व फेरफारांच्या प्रती, म्हणजे गाव नमुना सहाचे उतारे, काढावेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार मात्र तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. आपल्या भागात अनेक जुन्या दस्तांत रि. स. नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) लिहिलेला असतो आणि नंतरच्या कागदांवर गट नंबर येतो; दोन्हींचा मेळ घालणारा कागद असल्यास तोही घ्यावा, अन्यथा वेगळ्याच जमिनीचा शोध घेतला जाण्याचा धोका असतो.

सातबाऱ्यावर दोन जागा बारकाईने पाहाव्यात. एक, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध सहसा नसतात. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि ती न घेता झालेला व्यवहार अडचणीत येतो. दुसरी, इतर हक्काचा रकाना. तेथे विकास सेवा संस्थेचा (गावच्या सहकारी कर्जसंस्थेचा) इकराराने बोजा, बँकेचे गहाण, कुळाचे नाव, बहिणींची किंवा आत्यांची नावे, न्यायालयाचा मनाई हुकूम, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, यांपैकी काहीही असू शकते. देवस्थान इनाम वर्ग ३ असा उल्लेख दिसला तर वकिलाकडे जाण्यापूर्वीच विक्रेत्याला थांबवावे. ती जमीन देवाची असते, पुजारी किंवा वहिवाटदार ती विकू शकत नाही, आणि तशा अनेक जमिनींवर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीची देखरेख आहे. स्वस्त मिळते म्हणून अशा जमिनीवर नोटरी केलेल्या कागदाने घर बांधणारी कुटुंबे पुढे पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडतात.

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी या बाजूला गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या व्यवहारावर निर्बंध घातलेले आहेत. तुकडेबंदीत २०२५ मध्ये शासनाने शिथिलता आणली आहे. ती आपल्या तुकड्याला लागू होते का, हा वकिलाला विचारण्याचा पहिला प्रश्न असावा. आपण शेतकरी असाल तर त्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावाचा सातबारा सोबत न्यावा. बिगरशेती प्लॉट असेल तर बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि झोन दाखला मागावा. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी विकास प्राधिकरण स्थापन झाले आहे. जागा महापालिका हद्दीत येते की प्राधिकरणात, यावर बांधकाम परवाना कोठून आणि कोणाच्या सहीने मिळाला पाहिजे हे ठरते.

पूररेषेचा नकाशा हा कोल्हापुरात कागदपत्रांचाच एक भाग मानला पाहिजे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने कोठपर्यंत मजल मारली हे शहराने पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. निळ्या रेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आतील जागेत बांधकामाला मनाई असते, आणि निळ्या व लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दीच्या) दरम्यान अटींवरच परवानगी मिळते. नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी, कसबा बावडा अशा भागांत जागा घेताना विकास योजनेचा भाग नकाशा काढून त्यावर दोन्ही रेषा कोठून जातात हे वकिलाला दाखवावे. शेजारच्या घरांना पाणी आले होते का, हे मात्र आपणच त्या गल्लीत जाऊन विचारावे; ते कोणत्याही दस्तात सापडत नाही.

फ्लॅटच्या बाबतीत कागद वेगळे आहेत. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर असेल आणि त्यात आठपेक्षा अधिक सदनिका असतील तर महारेराची नोंदणी आवश्यक असते. तो क्रमांक घेऊन संकेतस्थळावरील माहिती छापून न्यावी. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, जमीनमालक व बिल्डर यांच्यातील विकसन करारनामा आणि वटमुखत्यारपत्र, आणि इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, एवढे मागावे. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. "आधी बुकिंग पूर्ण करा, ॲग्रीमेंट नंतर करू" असे कोणी म्हणत असेल तर ही तरतूद लक्षात ठेवावी. जुना फ्लॅट असेल तर पूर्वीची सर्व खरेदीखते किंवा अपार्टमेंट डीड, घोषणापत्र, आणि सोसायटी असल्यास ना-हरकत दाखला व देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो.

मालकीची साखळी किती मागे पाहावी, याबद्दल तीस वर्षांचा शोध ही रूढ पद्धत आहे. जुन्या पेठांतील घरांच्या बाबतीत मला ती पुरेशी वाटत नाही. मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतील वाड्यांत तीन-चार पिढ्यांची वाटणी अनेकदा तोंडीच झालेली असते, आणि मूळ कागद करवीर संस्थानच्या काळातील, मोडी लिपीतील असतो. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीचा कागद घरात असेल तर तो टाकून न देता, जाणकाराकडून लिप्यंतर करून घेऊन मूळ कागदासोबत ठेवावा. कोल्हापूर नागरी समूहाला पूर्वी १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा लागू होता. तो महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला असला तरी कलम २० खाली दिलेल्या सवलतींच्या अटींचा शेरा कोठे शिल्लक आहे का, हेही पाहावे लागते.

वारशाची मिळकत असेल तर

येथे सर्वांत मोठा कागद आपल्यालाच तयार करायचा असतो: वंशावळ. ज्यांच्या नावे मिळकत प्रथम होती त्या पूर्वजापासून आजपर्यंतची सर्व अपत्ये, मुलगे आणि मुली दोन्ही, त्यांच्या मृत्यूच्या तारखा, विवाह, दत्तकविधान, सारे एका मोठ्या कागदावर मांडावे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे वगळण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला जन्मतःच सहदायकाचा (वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सेदाराचा) हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. एक नाव गाळलेली वंशावळ घेऊन गेल्यास वकिलाचा सल्ला चुकीच्या पायावर उभा राहतो. जी आत्या किंवा बहीण हक्कसोडपत्र करून देणार असे गृहीत धरले आहे, तिला आधी प्रत्यक्ष भेटून विचारावे. तिचा नकार पुढे कधीतरी न्यायालयात ऐकण्यापेक्षा तो आज ऐकलेला बरा. वारसांपैकी कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालील) असेल तर त्याचा हिस्सा विकण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

मृत्युपत्र असेल तर मूळ प्रत, साक्षीदारांची नावे आणि ते हयात आहेत का, याची माहिती न्यावी. वटमुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल तर मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती आज हयात आहे याची खात्री करावी, कारण साध्या मुखत्यारपत्राचा अधिकार तिच्या मृत्यूबरोबर सहसा संपतो. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

एक पानाचे टिपण

कागदांची फाईल तारखेच्या क्रमाने लावून झाली की तिच्यावर ठेवण्यासाठी एक पानाचे टिपण लिहावे. त्यात मिळकतीचे वर्णन, विक्रेत्यांची नावे, ठरलेली किंमत, आतापर्यंत दिलेली रक्कम आणि ती रोख की चेकने, ताबा सध्या कोणाकडे आहे, भाडेकरू आहे का, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, एवढे असावे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. रोख देऊन झाली असेल तर ते लपवू नये.

तारखा विशेष काळजीने लिहाव्यात, कारण मिळकतीच्या कामात हक्क असूनही मुदत संपल्यामुळे तो गमावल्याची उदाहरणे कमी नाहीत. संचकारपत्रात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर करारपूर्तीचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो. सही झालेला दस्त चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करायचा असतो. मंडळ अधिकाऱ्याच्या किंवा तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध प्रांतांकडे अपील करण्यास साठ दिवसांची मुदत असते. यांपैकी एखादी तारीख जवळ आली असेल तर भेट ठरवताना फोनवरच ते सांगावे. वकील पुढच्या आठवड्याऐवजी त्याच दिवशी वेळ देऊ शकतो.

भेटीच्या दिवशी

मूळ कागद दाखवण्यासाठी न्यावेत, पण वकिलाकडे ठेवण्यासाठी झेरॉक्स संच द्यावा. काही कारणाने मूळ कागद ठेवावे लागले तर त्यांची यादी करून पोहोच घ्यावी. निर्णय ज्यांनी घ्यायचा आहे ते सर्व उपस्थित असावेत. पती-पत्नी मिळून घर घेत असतील तर दोघांनीही जावे, आणि वडिलांच्या मिळकतीचा प्रश्न असेल तर वडिलांनाच बोलू द्यावे. एजंटला सोबत नेऊ नये.

वकिलाला सर्व सांगावे. आपण वकिलाला सल्ल्यासाठी सांगितलेली माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने त्याच्यावर घातले आहे; गुन्हा करण्याच्या हेतूने सांगितलेल्या गोष्टींना मात्र हे संरक्षण नाही. भावाशी झालेले भांडण, शेजाऱ्याने घेतलेली हरकत, कोऱ्या मुद्रांकावर केलेली सही, हे सांगायला अवघड वाटते, पण ते विरुद्ध बाजूच्या नोटिशीतून वकिलाला कळले तर उत्तर देण्याची तयारी राहत नाही.

त्यानंतर आपण विचारायचे. या मिळकतीत कोणता दोष दिसतो आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे का? शोध किती वर्षांचा घ्याल, आणि नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनबरोबर (नोंदलेल्या दस्तांच्या मिळकतवार सूचीबरोबर) न्यायालयात प्रलंबित दावे आहेत का हेही पाहाल का? वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी का? माझ्या मते ती नेहमी द्यावी, आणि ती जिल्ह्यात सर्वदूर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात, मिळकतीचा पत्ता आणि चतुःसीमा नीट लिहून द्यावी. शासकीय मोजणी करून घेण्याची गरज आहे का, हेही विचारावे. शेतजमीन आणि मोकळा प्लॉट यांच्या बाबतीत हद्दी कायम मोजणीची "क" प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. काम स्वतः करणार की सहकारी वकिलाकडे देणार, आणि फोन कोणाला करायचा, हेही ठरवून घ्यावे.

फीबद्दल उघडपणे बोलावे. सल्ला, शोध अहवाल, मसुदा आणि नोंदणीच्या वेळची उपस्थिती यांची फी वेगवेगळी विचारून, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, शोधाचे सरकारी शुल्क आणि जाहीर नोटिशीचा खर्च हे तिच्यात धरलेले आहेत की वेगळे, ते लिहून घ्यावे. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का आणि कमाल ३०,००० रुपये असते; खरेदीची किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरायचा असतो. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी किंवा जिंकलेल्या जमिनीतील हिस्सा घेण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. असा प्रस्ताव आला तर नम्रपणे उठून यावे. नुसत्या सल्ल्यासाठी वकीलपत्रावर सही करण्याची गरज नसते. दावा किंवा महसुली प्रकरण दाखल करायचे ठरल्यावरच ती करावी.

भेटीनंतर

त्याच दिवशी घरी आल्यावर वकिलाने काय सांगितले ते लिहून काढावे आणि मागितलेल्या कागदांची यादी करून ते कोणत्या कार्यालयातून आणायचे हे समोर लिहावे. सल्ला समजला नसेल तर पुन्हा विचारावा. शोध अहवाल लेखी, वकिलाच्या सही-शिक्क्याने घ्यावा. "टायटल क्लिअर आहे" हे तोंडी आश्वासन अहवालाची जागा घेऊ शकत नाही. अहवालात अटी घातल्या असतील, उदाहरणार्थ अमुक वारसाची संमती घ्यावी, बोजा कमी झाल्याचा फेरफार पाहावा, तर त्या अटी पूर्ण झाल्याचा कागद हाती येईपर्यंत थांबावे.

अहवाल समाधानकारक असेल तरच संचकारपत्राकडे वळावे, आणि ते वकिलाकडून लिहून घेऊन नोंदवावे. त्यात खरेदीची अंतिम तारीख, मालकीत दोष निघाल्यास रक्कम किती दिवसांत परत करायची, बोजे कोणी फेडायचे आणि ताबा कधी द्यायचा, हे स्पष्ट असावे. खरेदीखत नोंदल्यावर फेरफाराची नोंद, हरकतीसाठीची पंधरा दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, किंवा शहरात मिळकत पत्रिकेवरील नाव आणि घरफाळ्यातील नावबदल, यांचा पाठपुरावा वकील करणार की आपण, हे दस्ताच्या दिवशीच निश्चित करावे, आणि नव्या नावाचा उतारा हाती आल्यावर त्याची एक प्रत वकिलाच्या फाईलमध्ये लावायला द्यावी.